असूनही

निरोप समारंभ नेहमीसारखाच चालला होता. खुर्च्यांच्या रांगा, मागे घरघरणारा पंखा, टेबलावर चुरचुरणाऱ्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ आणि मधूनच शिट्टी मारणारा माइक. हिशेब विभागातले एक गृहस्थ तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होते. वरिष्ठ बोलायला उठले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "तीस वर्षांत यांच्या हिशेबात एका पैशाची चूक नाही, कुणाला एक वाकडा शब्द नाही. मनापासून सांगतो, त्यांच्यातले असूनही इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्यांची मुलगी बसली होती. तिचे हात टाळीसाठी जवळ आले, एकदा वाजले आणि दुसऱ्या टाळीआधी मांडीवर उतरले. वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू जसंच्या तसं राहिलं. हे हसू फार वर्षांच्या सरावाचं असावं, असं तेव्हा वाटून गेलं. "त्यांच्यातले" म्हणजे नेमके कुणातले, हे इथे मुद्दाम सांगत नाही. ते वाक्य कुठल्याही देशात, कुठल्याही सभागृहात बसतं. फक्त समाजाचं नाव बदलत जातं.

खुपला तो एक शब्द. असूनही.

ताप असूनही ती कामावर गेली. पाऊस असूनही गाडी वेळेवर आली. आधीची गोष्ट खरी असेल तर नंतरची व्हायला नको होती, तरी झाली, एवढं सगळं या चार अक्षरांत येतं. म्हणजे त्या कौतुकाच्या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य होतं: त्यांच्यातली माणसं सरळ नसतात. हे दुसरं वाक्य कुणी उच्चारलं नाही. उच्चारायचं झालं असतं तर त्या वरिष्ठांनाही अवघड गेलं असतं. तरीही ते सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं, कारण ते आधीपासून प्रत्येकाच्या डोक्यात तयार होतं. पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला शिवी आठवते, दगड आठवतो. पण रोजच्या व्यवहारात तो असल्या निरुपद्रवी शब्दांच्या पाठीवर बसून फिरतो. "तशी नाही हो ती." "बोलण्यावरून अजिबात वाटत नाही." "मी तुला त्यांच्यातला मानतच नाही." बोलणाऱ्याला हे सगळं प्रेमाचंच वाटत असतं, आणि बऱ्याचदा त्यात प्रेम असतंही. म्हणून तर त्याला हात लावणं इतकं कठीण.

खरा प्रश्न तीस वर्षांचा आहे. एका माणसासोबत तीस वर्षं काम केलं, त्याने प्रत्येक दिवशी समजूत खोटी ठरवली, आणि समजुतीला चराही पडला नाही. हे होतं कसं? १९८३ मध्ये रेनी वेबर आणि जेनिफर क्रॉकर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. एखाद्या गटाविषयीच्या रूढ समजुतीला छेद देणारी माहिती त्यांनी लोकांना दिली. माहिती तेवढीच, पण वाटप दोन तऱ्हांनी. एकदा ती सगळी गटातल्या मोजक्या माणसांच्या नावावर घातली, म्हणजे ती माणसं समजुतीच्या पार उलट निघाली. दुसऱ्यांदा तीच माहिती बऱ्याच जणांत विखुरली, म्हणजे प्रत्येक जण थोडा थोडा उलट निघाला. विखुरलेल्या माहितीने समजूत जास्त हलली. एकवटलेल्या माहितीने ती फारशी हलली नाही, कारण ती पार उलटी माणसं वाचणाऱ्यांनी उचलून वेगळ्या खणात ठेवली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच हे ओळखलं होतं: अपवादाला आत घेण्यापुरतं कुंपण उघडायचं आणि लगेच पुन्हा लावून टाकायचं. "असूनही" हा त्या कुंपणाच्या फाटकाचा आवाज आहे. यातली सगळ्यात दुःखाची बाजू अशी, की ज्यांच्याविषयी समजूत आहे त्या घरांतून मुलांना हटकून हेच शिकवलं जातं: तू दुप्पट नीट वाग, तुझ्याकडे बोट दाखवायला जागा ठेवू नकोस. मूल तसं निर्दोष होतंही. आणि जितकं निर्दोष, तितकं चटकन ते वेगळ्या खणात जातं. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला त्याच्या चांगुलपणातलं काहीच येत नाही.

मराठीत "मी"चं अनेकवचन दोन तऱ्हांनी होतं, हे आपण विसरून जातो. "आपण" म्हटलं की समोरचा आत येतो, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहतो. पुष्कळ भाषांमध्ये या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. मराठी बोलणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते, आणि ती तो विचार न करता करतो. चार वर्षांचं मूलही खेळात नको असलेल्याला "आपण खेळतोय" म्हणत नाही. "आम्ही खेळतोय" म्हणतं, आणि दारात उभ्या असलेल्याला सगळं कळतं.

हा "आम्ही" तयार व्हायला किती थोडं पुरतं, हे हेन्री ताइफेल यांनी दाखवलं. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांचा कैदी झाला. परत आला तेव्हा घरचं जवळपास कुणी उरलं नव्हतं. पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर त्याने उलटा प्रश्न धरला: द्वेषाची सगळी कारणं काढून घेतली, तर काय उरतं? १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवून त्यांची संख्या ओळखायला सांगितली. मग म्हणाले, तुम्ही संख्या जास्त सांगणाऱ्यांतले, तुम्ही कमी सांगणाऱ्यांतले. खरं तर वाटणी निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. गटात कोण कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं, जुना हिशेब नव्हता, गट म्हणून समोरासमोर येणंही नव्हतं. प्रत्येकाने एकट्याने बसून, फक्त क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या दोन मुलांना बक्षिसाचे गुण वाटायचे. आपण केलेल्या वाटणीतून स्वतःला काहीही मिळणार नव्हतं. पुढच्या फेरीत गट चित्रांच्या आवडीच्या नावावर पाडले, आणि तिथल्या एका तक्त्यात पर्याय असे होते: आपल्या गटातल्याला १९ आणि दुसऱ्याला २५, किंवा दोघांना १३-१३, किंवा आपल्याला ७ आणि त्याला फक्त १. आपल्या गटाला सर्वांत जास्त मिळावं एवढीच इच्छा असती, तर १९-२५ ला हात घालण्यात काही अडचण नव्हती. पण मुलांचा कल दुसऱ्या टोकाकडे झुकला. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, फरक आपल्या बाजूने पडला पाहिजे. न्यायाची ओढही त्या आकड्यांत दिसते, मुलांनी समान वाटणीचा विचार टाकून दिला नव्हता. पण ठिपक्यांच्या किंवा चित्रांच्या नावावर बनलेला "आम्ही" त्या ओढीला पुन्हा पुन्हा खेचत होता. रक्त, श्रद्धा, रंग, इतिहास यांतलं काहीही मध्ये आलेलं नसताना.

खऱ्या जगात ते सगळं येतं, आणि त्यासोबत टंचाईही येते. मानसशास्त्रज्ञ मुझफर शरीफ यांचा १९५४ चा अमेरिकेत ओक्लाहोमातला प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतो: अकरा वर्षांची बावीस मुलं, एका शिबिरात दोन गट, रॅटलर्स आणि ईगल्स. सगळी एकाच वर्णाची, एकाच पंथाची, सारख्याच सुस्थित घरांतली, कारण वेगळेपणाची सबबच ठेवायची नव्हती. स्पर्धा लावली, जिंकणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला चाकू आणि पदक ठेवलं, हरणाऱ्यांना काही नाही. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, झोपायच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. पण या प्रयोगात सगळ्यात जास्त शिकण्यासारखी आहे ती मधली पायरी. भांडण पेटल्यावर संशोधकांनी आधी साधा उपाय केला. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवला. जेवणाच्या खोलीत अन्नाची फेकाफेक झाली. एकत्र आणलं की माया वाढते, हा आपला लाडका समज तिथे उताणा पडला. नुसतं जवळ आणणं म्हणजे भांडायला जागा करून देणं ठरलं. मग पाण्याची टाकी बंद पडली (म्हणजे पाडली गेली), आणि पाइप तपासायला सगळ्यांना निघावं लागलं. मग अन्न आणणारा ट्रक सुरू होईना. मुलांनी दोर आणला, आणि तो दोर रस्सीखेचीचा होता. काही दिवसांपूर्वी ज्याची दोन टोकं दोन गटांनी धरली होती, तोच दोर आता ट्रकला बांधून सगळी मुलं एका बाजूने ओढत होती. एकदा ओढून भागलं नाही. अशी कामं पुन्हा पुन्हा यावी लागली तेव्हा चेहरे सैल झाले. परतताना त्यांनीच एका बसमधून जायचं ठरवलं. आदल्या वर्षीचा असाच एक प्रयोग मात्र फसला होता. तिथे मुलांची गट पाडण्याआधीच मैत्री झाली होती, आणि भांडण काही केल्या धरेना. प्रयोगाच्या दृष्टीने ते अपयश होतं. वैर ज्यांना नको आहे त्यांच्या दृष्टीने ती मोलाची नोंद आहे, आणि तिची आठवण फारच कमी वेळा काढली जाते.

पण वैर नसलेल्या, स्पर्धा नसलेल्या, कुणाचं काही हिरावून न घेणाऱ्या डोक्यातही समजूत रुजते, आणि ती साध्या मोजणीतल्या चुकीतून रुजते. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी १९७६ मध्ये लोकांना ३९ वाक्यं एकेक करून वाचायला दिली. "गट अ मधला अमुक, आजारी मित्राला भेटायला गेला", अशा धाटणीची. २६ वाक्यं गट अ ची, १३ गट ब ची. गट अ मध्ये १८ चांगली कृत्यं आणि ८ वाईट. गट ब मध्ये ९ चांगली आणि ४ वाईट. क्षणभर थांबून हे प्रमाण पाहावं. दोन्हीकडे नवाला चार. ब हा अ पेक्षा तसूभरही वाईट नाही, फक्त आकाराने निम्मा आहे. वाचून झाल्यावर विचारलं, कुठलं कृत्य कुठल्या गटाचं? लोकांनी वाईट कृत्यं गट ब च्या खात्यावर प्रत्यक्षापेक्षा किती तरी जास्त टाकली आणि त्या गटाला गुणही कमी दिले. गटांना नावं नव्हती, फक्त अक्षरं होती. चूक कुठे होते? लहान गट कमी वेळा समोर येतो. वाईट कृत्यही चांगल्याच्या मानाने कमी वेळा समोर येतं. दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र आल्या की मन दचकतं, आणि दचकलेलं मन नीट मोजत नाही, पक्कं लक्षात ठेवतं. याची उलट तपासणीही त्यांनी केली: चांगली कृत्यं दुर्मीळ ठेवली, तेव्हा तीच चूक लहान गटाच्या फायद्याची झाली. म्हणजे मुळात आकस नव्हता. डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टीला जास्त धरणारी नजर होती.

या चुकीवर मग आपण रोज पाणी घालतो. बातमीत गुन्हेगार बहुसंख्य गटातला असेल तर तो "एक तरुण" असतो, लहान गटातला असेल तर नावाआधी त्याचा समाज येतो. वाचणाऱ्याच्या डोक्यातली एकोणचाळीस वाक्यं आधीच वाकडी होऊन येतात. घरातली भाषाही तेच करते. आपला मुलगा उशिरा आला तर त्याची गाडी चुकली, त्यांचा मुलगा उशिरा आला तर त्यांच्यात वेळेची किंमतच नाही. आपल्या चुकीला प्रसंग असतो, त्यांच्या चुकीला स्वभाव. चांगल्या कामाला नेमकं उलट: आपण केलं तर स्वभाव, त्यांनी केलं तर अपवाद. असूनही.

कुणी म्हणेल, मनात काही असलं तरी वागणं चांगलं ठेवलं की झालं. वागणं इतकं हातात असतं का? कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांचं १९७४ चं काम एका खुर्चीभोवती फिरतं. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना मुलाखती घ्यायला बसवलं. उमेदवार काही गोरे, काही काळे, आणि सगळ्यांना एकसारखं वागण्याचं शिक्षण दिलेलं. मुलाखत घेणाऱ्याने आपली खुर्ची स्वतः ओढून बसायचं होतं. काळ्या उमेदवारासमोर ती खुर्ची सरासरी चार इंच लांब थांबली. मुलाखती सुमारे पाव हिश्श्याने लवकर संपल्या. बोलताना अडखळणं, वाक्य मोडणं जास्त झालं. कुणी उद्धट बोललं नाही. कुणाला विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की मी सगळ्यांना सारखंच वागवलं. आता दुसरा भाग, आणि पहिल्यापेक्षा जास्त हादरवणारा तोच. या वेळी मुलाखत घेणाऱ्यांना शिकवून तयार केलं आणि उमेदवार सगळे गोरे ठेवले. काहींच्या समोर खुर्ची लांब, बोलणं अडखळतं, वेळ कमी. काहींच्या समोर जवळ, सलग, निवांत. ज्यांच्या वाट्याला लांबची खुर्ची आली, ते गोरे उमेदवारही अडखळले, आखडले, आणि त्रयस्थ परीक्षकांनी त्यांना कमी गुण दिले. त्यांनीही आपली खुर्ची नकळत मागे घेतली होती. म्हणजे चार इंच एकाने सोडले, मग दुसऱ्याने, आणि शेवटी कागदावर लिहिलं गेलं की उमेदवारात आत्मविश्वास कमी वाटला. ते लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, खोटं काही लिहिलं नव्हतं. "मी अनुभवावरून बोलतो" असं ज्याला वाटतं, त्याला त्याचा अनुभव स्वतःच्या हाताने मांडलेल्या खुर्चीवरून आलेला असतो.

आणि ज्याच्यासमोर ती खुर्ची आयुष्यभर लांब राहते, त्याच्या आत काय होतं? केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या दांपत्याने १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, रंग फक्त वेगळा. छान कोणती? वाईट दिसणारी कोणती? बहुतेक मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली. शेवटचा प्रश्न होता: यांतली तुझ्यासारखी कोणती? काही मुलं त्या प्रश्नाला रडली, काही खोली सोडून पळाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतलं वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा केनेथ क्लार्क यांचं काम निकालाच्या टिपेत नमूद झालं.

पुढचा प्रश्न शिक्षकांचा होता, आणि तो न्यायालयाच्या निकालाने सुटणारा नव्हता. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वेगवेगळ्या समाजांची मुलं एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अरॉन्सन यांनी वर्गात बसून पाहिलं तर शिक्षक प्रश्न विचारत होता, हात वर जात होते, एकाचं उत्तर चुकलं की बाकीच्यांचे चेहरे उजळत होते. शाळेने रोज तासातासाला स्पर्धा मांडली होती, आणि नव्याने आलेली मुलं तिच्यात हरत होती. अरॉन्सन यांनी धडा कापला. पाच-सहा जणांचा मिश्र गट, धड्याचे तितकेच तुकडे, एका मुलाकडे एकच तुकडा. आधी वेगवेगळ्या गटांतली, पण एकच तुकडा मिळालेली मुलं एकत्र बसून तो पक्का करतात. ही पायरी गाळली तर कच्चं मूल आपल्या गटासमोर उघडं पडतं. मग प्रत्येक जण आपल्या गटात परत येऊन आपला तुकडा इतरांना शिकवतो, आणि शेवटी परीक्षा सगळ्या धड्यावर, प्रत्येकाची वेगळी. पहिल्या दिवसांत अडखळणाऱ्याची टर उडतेच. शिक्षकाने तेव्हा रागवायचं नसतं, एवढंच आठवण करून द्यायचं असतं की परीक्षा जवळ आली आहे आणि त्याचा भाग तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही. मग टोमण्यांच्या जागी प्रश्न येऊ लागतात: थांब, मग पुढे काय झालं? नीट विचारलं की त्यालाही नीट सांगता येतं. याला आठवडे लागतात. आणि गटागटांत गुणांची चढाओढ लावली की नवा "आम्ही" उभा राहतो आणि कमकुवत मूल पुन्हा ओझं ठरतं.

दोन गटांच्या भेटीने पूर्वग्रह उतरावा, यासाठी ऑलपोर्ट यांनी चार अटी घातल्या होत्या: दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, ते मिळवायला एकमेकांची गरज, आणि वरच्यांचा पाठिंबा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. अटी पाळल्या तिथे परिणाम जास्त होता, पण न पाळल्या तिथेही भेटीगाठींनी पूर्वग्रह थोडा तरी उतरलेला दिसला. परिणाम मोठा नाही. पण जवळजवळ सगळीकडे त्याच दिशेचा आहे, आणि या विषयात हे थोडकं नाही. हिशेब विभागातली ती तीस वर्षं या अटींवर घासून पाहिली तर पहिल्याच ठिकाणी अडतात. एक जण कायम सही घेणारा, एक कायम सही करणारा. गरज होती, बरोबरी नव्हती. आणखी एक अट माइल्स ह्यूस्टन आणि रुपर्ट ब्राउन यांनी १९८६ मध्ये पुढे आणली, आणि आपल्या चांगल्या वागण्याच्या कल्पनेला ती सरळ छेद देते. मैत्रीत समोरच्याची ओळख पुसली गेली, तर मैत्री त्या माणसापुरती राहते, त्याच्या समाजापर्यंत पोहोचत नाही. "मी तुला त्यांच्यातला मानतच नाही" यात जी ऊब आहे ती त्याच्यापाशीच संपते. तो त्यांच्यातलाच आहे, अगदी नेहमीसारखा त्यांच्यातला आहे, हे डोळ्यांसमोर राहिलं तरच त्याच्यावरून बाकीच्यांविषयी काही बदलतं.

समारंभ संपला, खुर्च्या एकात एक चढू लागल्या. पुष्पगुच्छ आता मुलीच्या हातात होता. वरिष्ठ तिच्यापाशी आले, डोळे अजून ओलसर, आणि म्हणाले, "वडिलांसारखी हो गं. अशी माणसं मिळत नाहीत." ती काही क्षण पुष्पगुच्छाच्या कागदाची कड सरळ करत राहिली. मग स्वच्छ, शांत आवाजात म्हणाली, "आमच्याकडे सगळे साधारण असेच असतात, सर." वरिष्ठ हसले. त्यांना तो विनय वाटला असावा. त्यांनी मान डोलावली आणि कुणाशी तरी बोलायला वळले. वडिलांनी तिच्या हातातून पुष्पगुच्छ घेतला, दुसऱ्या हाताने पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल, उशीर होतोय."